ज्युरी खोटी, चष्म्याचे वण खरे

बासू चटर्जी यांच्या १९८६ च्या ‘एक रुका हुआ फैसला’ या चित्रपटात बारा सामान्य नागरिकांची ज्युरी एका खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवते; भारतात ज्युरीच नाही, म्हणून ही कथा त्यावरच्या एका लेखात लेखकाने मुळातच अशक्य ठरवली आहे आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थानच उरले नव्हते (पारशी विवाह न्यायालयांतील ज्युरीसारखी प्रतिनिधींची पद्धत टिकून आहे, पण तिथे खुनाचे खटले चालत नाहीत), त्यामुळे अमेरिकी कथेतले बारा जण आपल्याकडे आणून बसवले, तेव्हा ज्युरीची तशी खोली भारतात नव्हतीच. तरीही साक्षीदार बाईच्या नाकावर चष्म्याचे वण होते हे आठवते आणि अंथरुणात पडलेली बाई चष्मा लावून थोडीच झोपणार, मग तिने खून पाहिला कसा, हा प्रश्न उभा राहतो, तेव्हा ज्युरीचा खोटेपणा निदान माझ्या तरी ध्यानात राहत नाही. मला खटकतो तो के. के. रैनांच्या पात्राने बाहेरून विकत आणलेला, खुनातल्या चाकूसारखाच हुबेहूब चाकू, कारण ज्युरीतल्या माणसाने परस्पर पुरावा गोळा करणे अमेरिकेतही चालत नाही. ज्यावरून हा चित्रपट बेतला, तो सिडनी लुमेट यांचा १९५७ चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी तो आधी पाहावा आणि मग ‘फैसला’तल्या ज्युरीत बसलेल्या पंकज कपूर यांचा थयथयाट.