तांदळातले खडे

परवा मुलीला ‘मिस्टर इंडिया’ दाखवला. अदृश्य झालेला अरुण भेसळ करणाऱ्या माणसाला खडे खायला लावतो, त्या प्रसंगाला तिने विचारलं, "बाबा, पण तांदळात खडे कुठून येतील?" तिने आजवर पॅकबंद तांदूळच पाहिलाय.

मग तिला तिच्या आजीच्या सुपाबद्दल सांगितलं. दुपारी माझी आई ते घेऊन दारात बसायची. आधी पाखडायची, मग चिमूट चिमूट तांदूळ बोटाने पुढे सारत निवडायची. खडे नेमके तांदळाच्याच रंगाचे. एवढं करूनही जेवताना एखादा दाताखाली कचकन यायचाच आणि आईचा चेहरा पडायचा, जणू चूक तिचीच. १९८७ साली तो प्रसंग पाहताना थिएटरातल्या बायकाही टाळ्या वाजवत होत्या. त्या का वाजवत होत्या हे आज कळतंय.

आपला सुपरहिरो तेव्हा कशासाठी लढत होता बघा. डोक्यावर वाण्याची उधारी, घरात अनाथ पोरं, भागत नाही म्हणून वरची खोली भाड्याने दिलेली. त्यातली चिमुकली टीना बॉम्बस्फोटात मरते. १९८५ साली दिल्लीत ट्रान्झिस्टर रेडिओत लपवलेले बॉम्ब फुटल्यानंतर बेवारस वस्तूची भीती घराघरात होती, ती थेट पडद्यावर आली. आणि अरुणची शक्ती म्हणजे मनगटावरचं एक यंत्र. कुणीही घालावं!

२००६ च्या ‘क्रिश’मध्ये शक्ती वडिलांकडून रक्तातून येते आणि हिरो पराक्रम गाजवतो तो सिंगापूरला. उदारीकरणाला पंधरा वर्षं झाली होती, घरोघरी कुणीतरी परदेशी निघालं होतं. ते स्वप्न खोटं नव्हतं, माझंही होतं. पण वाण्याचं दुकान सिनेमातून गेलं ते गेलंच. २०२२ च्या ‘ब्रह्मास्त्र’मधला शिवासुद्धा अनाथ मुलांसोबत राहतो, पण अस्त्रांची गोष्ट सुरू झाली की ती मुलं मागे पडतात. तो स्वतःच अग्निअस्त्र निघतो, तेही जन्मामुळे. मला हे मनापासून खटकतं. शक्ती कुळातून किंवा दैवी वरदानातूनच येणार असेल, तर बाकीच्यांनी फक्त वाचवले जाण्याची वाट बघायची का? ‘हनुमान’ या तेलुगू सिनेमातही शक्ती दैवी मण्यातूनच येते, पण तिथला पोरगा निदान आपल्या गावासाठी उभा राहतो, म्हणून तो मला जवळचा वाटला.

जुना धागा पकडला तो २०१८ च्या ‘भावेश जोशी सुपरहिरो’ने. डोक्याला कागदी पिशव्या बांधून मुंबईत छोटे-छोटे अन्याय अडवणारे मित्र. आणि त्यातलाच सिकू अमेरिकेला जायचं म्हणून पासपोर्टच्या पोलीस पडताळणीला लाच देतो. बस, एवढंच. कुणाचा खून नाही, जग बुडत नाही. पण भावेशला ते सहन होत नाही, आणि आपण सिकूच्या जागी असतो, कारण ते पैसे आपणही दिलेत. मी दिलेत. पुढे भावेश पाणीमाफियाच्या मागे लागतो आणि जिवानिशी जातो. त्या सिनेमाला आपण थिएटरात गेलो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण निवडायचे खडे संपलेले नाहीत. आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतोय. मुलीला ‘भावेश जोशी’ दाखवायला ती अजून लहान आहे. पण काल टँकर आला तेव्हा ती खिडकीतून बघत होती आणि तिने विचारलं, "हे पाणी कुणाचं असतं?"