'लेस' लिहिणारे अडाणी नव्हेत

'कमी' याला इंग्रजीत दोन शब्द, फ्यूअर (fewer) आणि लेस (less). कुठे कोणता, यावर पुण्यातल्या स्पोकन इंग्लिशच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: "मोजता येतं तिथे फ्यूअर, मोजता येत नाही तिथे लेस. इंग्रजीचा हा मूळ नियम, याला अपवाद नाही. 'टेन आयटम्स ऑर लेस' लिहिणारे अडाणी."

पहिलं वाक्य बऱ्याच अंशी बरोबर आहे. फ्यूअर स्टुडंट्स, फ्यूअर मिस्टेक्स. लेस मिल्क, लेस ट्रॅफिक. परीक्षेत असंच लिहा, मार्क कापले जाणार नाहीत.

पण 'अपवाद नाही'? स्वारगेट ते डेक्कन अंतर मोजता येतंच की! तरी 'फ्यूअर दॅन फाइव्ह किलोमीटर्स' कुणी म्हणत नाही, 'लेस दॅन'च म्हणतात. रिक्षाचे शंभर रुपये, नोकरीतली दोन वर्षं, साठ किलो वजन यांचंही तेच. आकडा असतो, पण डोक्यात असते एकूण रक्कम, एकूण काळ, एकूण भार. तीच रक्कम सुट्ट्या नाण्यांत घेऊन मोजायला बसलात की मात्र 'फ्यूअर कॉइन्स'. 'वन लेस थिंग टु वरी अबाउट' या वाक्यात तर गोष्ट चक्क मोजलेली आहे, एक. तिथे फ्यूअर घालून म्हणून बघा, जीभ अडखळते. 'लेस एक्स्पेन्सिव्ह'सारख्या विशेषणांचा तर फॉरवर्डवाल्यांना पत्ताच नाही.

'मूळ नियम' ही तर निव्वळ थाप. नवव्या शतकातला इंग्लंडमधला राजा आल्फ्रेड, त्याच्या नावावर असलेल्या बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाच्या ग्रंथाच्या भाषांतरात शब्दांच्या संख्येबद्दल बोलताना लेसचंच जुनं रूप आलंय. फ्यूअरचा आग्रह पहिल्यांदा छापील दिसतो तो 1770 मध्ये, इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकरच्या लिखाणात. 'नो लेस दॅन अ हंड्रेड'पेक्षा 'नो फ्यूअर दॅन अ हंड्रेड' त्याला जास्त डौलदार आणि काटेकोर वाटतं, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या आवडीचा कायदा पुढच्यांनी केला.

राहिले ते 'अडाणी'. पाट्यांवरून वाद घालण्याचा मक्ता काही एकट्या पुणेकरांकडे नाही. ब्रिटनमधल्या टेस्को या सुपरमार्केटच्या काउंटरवरच्या 'टेन आयटम्स ऑर लेस' याच पाटीवर भाषाशुद्धीवाले तुटून पडले होते. 2008 मध्ये टेस्कोने नवी पाटी ठरवली: 'अप टु टेन आयटम्स'. लेस गेलं खरं, पण फ्यूअर त्यांनीही लिहिलं नाही.