रडवलं जाहिरातीने, पण गाडी अडवली कोणी?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या रस्ता-सुरक्षेच्या जाहिरातींचा पाचेक मिनिटांचा एक व्हिडिओ बरीच वर्षं फिरतो आहे. अपघात, इस्पितळ, हंबरडा फोडणारे नातेवाईक आणि शेवटी पडद्यावर हिशेब : पहिली जाहिरात १० डिसेंबर १९८९ ला लागली, त्या वर्षी रस्त्यांवर ७७६ माणसं गेली, २००८ मध्ये ३०३. सोबत आपल्याकडचा मजकूर साधारण असा : 'बघा, नुसत्या जाहिरातींनी मृत्यू निम्म्याहून कमी झाले. लोकांच्या भावनेला हात घाला, ते दारू पिऊन गाडी चालवणं आपोआप सोडतील. पोलीस, दंड, नाकाबंदी यांनी काही होत नाही.'

'नुसत्या जाहिरातींनी...'

आकडे खरे आहेत. पण त्याच व्हिक्टोरियात १९७० मध्ये १०६१ माणसं मेली होती. म्हणजे पहिली जाहिरात लागायच्या आधीच आकडा जवळपास तीनशेने उतरला होता. सीटबेल्टची सक्ती जगात पहिल्यांदा तिथेच झाली, १९७० च्या अखेरीस. वाटेल त्या चालकाला थांबवून दारूसाठी श्वास तपासणं १९७६ मध्ये सुरू झालं. १९८९-९० च्या सुमारास जाहिरातींच्या जोडीने तपासणीच्या मोठ्या बसगाड्या आणि वेग टिपणारे कॅमेरे आले. शिवाय ७७६ हा सगळ्याच अपघातांचा आकडा, फक्त दारूचा नव्हे.

'पोलिसांनी काही होत नाही...'

ही जाहिरात काढली कोणी? टीएसी या सरकारी विमा संस्थेने. तिथे गाडीच्या नोंदणीबरोबर सक्तीचा हप्ता भरावा लागतो आणि जखमींच्या उपचाराचा खर्च ही संस्था उचलते. अपघात टळला की तिचेच पैसे वाचतात. अशा हिशेबी संस्थेने त्या तपासणी-बसगाड्यांसाठीही पैसे मोजले. ज्यांनी लोकांना रडवलं, त्यांचाच निव्वळ रडवण्यावर भरवसा नव्हता!

जाहिरातींना श्रेय नाहीच, असंही नाही. २००४ मध्ये अशा मोहिमांवरच्या आठ अभ्यासांचा आढावा निघाला, त्यात दारूशी संबंधित अपघात साधारण १३ टक्क्यांनी घटलेले दिसले. हे थोडं नाही. मात्र त्या मोहिमा नीट आखलेल्या होत्या, भरपूर दाखवल्या गेल्या होत्या आणि पोलिसांची तपासणी वगैरे उपाय तिथे आधीपासून चालू होते. पकडलं जाण्याची भीती घालणारी जाहिरात आणि अपघाताचे परिणाम दाखवणारी जाहिरात, यांत ठळक फरक काही सापडला नाही.

'भावनेला हात घाला...'

कोणाच्या, आणि कोणत्या? निधी अग्रवाल आणि अ‍ॅडम डुहाचेक या संशोधकांनी २०१० मध्ये अति दारूविरोधी जाहिरातींवर प्रयोग प्रसिद्ध केले. आधीच अपराधी वाटत असलेल्या किंवा शरमलेल्या माणसाला तीच भावना डिवचणारी जाहिरात दाखवली, की 'माझं असं काही होणार नाही' म्हणत तो ती झटकून टाकतो. त्याचा पिण्याचा इरादा कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो. म्हणजे काल रात्री ज्याला जास्त झाली होती, नेमका तोच हातून निसटतो. संशोधक किम विट यांनी १९९२ मध्ये मांडलेला मुद्दाही जवळचाच आहे : जमण्याजोगी वाट दिसत असेल तरच भीती माणसाला हलवते, नाहीतर तो धोका टाळण्याऐवजी भीतीच टाळतो. हायवेवरच्या ढाब्यातून रात्री एकला निघणाऱ्याला, जिथे ना रिक्षा मिळते ना एसटी, आईचा हंबरडा दाखवून कोणती वाट दिसणार? माझ्या मते त्याला आधी न पिणारा सोबती किंवा भाड्याचा ड्रायव्हर ठरवून निघायला सांगणारी साधी जाहिरात जास्त उपयोगी.

'आपोआप सोडतील...'

आपली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, व्हिक्टोरियात ५०. कागदावर आपण जास्त कडक आहोत. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तरी ३१ डिसेंबरला ग्रुपवर विचारलं जातं ते एवढंच : 'नाकाबंदी कुठे आहे रे?' त्या रात्री कित्येक जण गाडी घरी ठेवून टॅक्सीने जातात, कारण पोलीस असणार हे नक्की असतं. एरवीच्या शनिवारी तसं नक्की नसतं.

व्हिडिओ जरूर पुढे पाठवा. खालच्या मजकुरात त्या बसगाड्या तेवढ्या घाला.