तुर्कस्ताननं नळ बंद केला, पण तेल अडवलं कुणी?

इराकच्या किरकुकहून तुर्कस्तानच्या जेहान बंदराला जाणाऱ्या तेलवाहिनीबद्दल एक गोष्ट हातोहात पुढे ढकलली जाते. तिचा मथितार्थ असा: 'इराक आंतरराष्ट्रीय न्यायालयात जिंकला म्हणून तुर्कस्ताननं चिडून नळ बंद केला आणि अडीच वर्षं तेल अडवून धरलं. कुर्द तर ते तेल चोरूनच विकत होते. शेवटी अमेरिकेनं डोळे वटारले आणि नळ उघडला. आपल्याकडे पेट्रोल महागलं तेही यामुळेच.' खलनायक, चोर, दादा, सगळे हजर! फक्त ज्यांच्या हिशेबापायी तेल अडलं, त्या कंपन्यांचं यात नावही नाही.

आधी न्यायालयाचं पाहू. निकाल न्यायालयाचा नव्हता. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या लवादापुढे २०१४ पासून चाललेलं ते प्रकरण होतं. १९७३ च्या करारानुसार या वाहिनीतलं तेल कुणाच्या जहाजात भरायचं हे इराकच्या तेल मंत्रालयानं सांगायचं. २०१४ मध्ये तुर्कस्ताननं बगदादला न विचारता उत्तर इराकमधल्या स्वायत्त कुर्दिस्तान प्रांताच्या सरकारचं तेल भरू दिलं, म्हणून इराक लवादाकडे गेला. फेब्रुवारी २०२३ च्या निवाड्यात २०१४ ते २०१८ या काळापोटी इराकला सुमारे दीड अब्ज डॉलर मिळाले. मात्र ही वजावटीनंतरची रक्कम. तुर्कस्तानचे काही उलट दावेही मान्य झाले होते. आपलंच म्हणणं टिकलं, असं दोन्ही सरकारांनी जाहीर करून टाकलं.

'चिडून नळ बंद केला' हे तर उलटंच आहे. बगदादच्या संमतीशिवाय कुर्दी तेल वाहू देऊ नका, हीच इराकची तक्रार होती. २५ मार्च २०२३ ला तुर्कस्ताननं वाहिनी थांबवली, म्हणजे फिर्यादीनं मागितलं तेच केलं. दिवसाला साडेचार लाख पिंपांच्या आसपासची निर्यात थांबली. तुर्कस्तानातल्या फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतरची तपासणी हे नंतर दिलं गेलेलं कारण खरं किती आणि सोयीचं किती, यावर वाद घाला हवं तर. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तुर्कस्ताननं वाहिनी तयार असल्याचं सांगितलं, आणि त्यानंतरही जवळजवळ दोन वर्षं त्यातून कुर्दी तेल गेलं नाही.

का गेलं नाही? इथे खरी मेख आहे. कुर्दिस्तानातल्या विहिरी डीएनओ, जेनेल, गल्फ कीस्टोन अशा परदेशी कंपन्या चालवतात. त्यांचे करार एर्बिलच्या, म्हणजे कुर्दिस्तानच्या राजधानीतल्या, कुर्दी सरकारशी, आणि तेही वाटणीचे: आधी खर्च वसूल होईल इतकं तेल कंपनीचं, मग उरलेल्यात हिस्सा. दक्षिणेतल्या मोठ्या क्षेत्रांत बगदाद कंपन्यांना प्रामुख्यानं दर पिंपामागे ठरलेलं शुल्क देत आलेलं. २०२३ च्या अर्थसंकल्पात बगदादनं कुर्दी तेलालाही आपल्या क्षेत्रांतला सरासरी खर्च लावला. कंपन्यांनी साफ नकार दिला: डोंगराळ भागातला आमचा खर्च जास्त आणि कुर्दी सरकारकडची जुनी थकबाकी वेगळीच. लवादापुढे दोन देश होते. कंपन्या तिथे पक्षकारच नव्हत्या, तेव्हा त्यांच्या पैशांचा प्रश्न निवाड्यानं सुटणार तरी कसा? दरम्यान कंपन्या निम्म्या-शिम्म्या भावात स्थानिक व्यापाऱ्यांना तेल विकत होत्या आणि त्यातलं बरंच टँकरमधून इराण आणि तुर्कस्तानकडे जात होतं.

गाडी हलली ती एका आकड्यानं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इराकी संसदेनं अर्थसंकल्पात दुरुस्ती करून उत्पादन आणि वाहतुकीपोटी पिंपामागे १६ डॉलर हंगामी दर मान्य केला. खरा खर्च त्रयस्थ सल्लागार तपासणार आणि फरक मागाहून चुकता होणार. सप्टेंबर २०२५ मध्ये बगदाद, एर्बिल आणि आठ कंपन्या यांच्यात समझोता झाला: तेल 'सोमो' या इराकच्या सरकारी कंपनीनं विकायचं, कंपन्यांना त्यांचे १६ डॉलर तेलाच्या रूपात द्यायचे, दिवसाला ५० हजार पिंपं कुर्दिस्ताननं स्वतःच्या वापराला ठेवायची. २७ सप्टेंबरला तेल पुन्हा वाहू लागलं. अमेरिकेचा दबाव होता, नाही कशाला म्हणा, पण तो सुरुवातीपासून होता. नुसत्या दबावानं भागलं असतं, तर २०२३ मध्येच भागलं असतं.

'चोरी'बद्दल थोडक्यात. इराकच्या २००५ च्या घटनेत 'सध्याच्या' तेलक्षेत्रांचं व्यवस्थापन केंद्र आणि प्रांतांनी मिळून करायचं म्हटलंय. नवी क्षेत्रं आमची, असा एर्बिलनं त्याचा अर्थ लावला आणि २००७ मध्ये स्वतःचा तेल कायदा केला. इराकच्या सर्वोच्च संघीय न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला फेब्रुवारी २०२२ मध्ये. कायद्याच्या अर्थावरच्या पंधरा वर्षांच्या भांडणाला चोरी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

पेट्रोलचं तर बोलूच नका. मुंबईत जुलै २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत लिटरला १०६ रुपये ३१ पैसे हा भाव जागचा हलला नव्हता. वाहिनी बंद पडली ती याच्या मधोमध. आणि भारतात येणारं इराकी तेल बहुतांश दक्षिण इराकमधल्या बसऱ्याचं, ते जेहानला जातच नाही.

या गोष्टीला हल्ली एक तात्पर्यही चिकटवतात: पाइपलाइन परक्या देशातून नेऊच नये. भूगोल बदलून हे भांडण मिटलं नसतं. वाहिनी पूर्णपणे इराकच्या हद्दीत असती तरी पिंपामागे किती डॉलर, हा बगदाद-एर्बिलचा वाद होताच. सप्टेंबरच्या समझोत्यावर डीएनओनं तेव्हा सही केली नाही, कारण तिला थकबाकीची हमी हवी होती. तुर्कस्ताननं तर त्याआधीच, जुलै २०२५ मध्ये, १९७३ चा करार २७ जुलै २०२६ पासून संपेल असं राजपत्रात छापून टाकलं होतं. म्हणजे कंपन्यांची जुनी बाकी एकीकडे आणि दोन देशांचा नवा करार दुसरीकडे, अशी दोन्ही कामं शिल्लक ठेवूनच नळ उघडला होता.