डबा घरून आणणारा राष्ट्राध्यक्ष

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा येऊन पडला. इराणचा राष्ट्राध्यक्ष जमिनीवर झोपतो, बायकोने भरून दिलेला डबा ऑफिसात नेतो, 1977 सालची प्यूजो गाडी वापरतो. खाली ठरलेली ओळ: 'आणि आपले नेते बघा!' दहा मिनिटांत चौदा नमस्कार आणि सहा फुलं.

हा मजकूर माझ्या जुन्या ओळखीचा. व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं तेव्हा तो ईमेलने यायचा. बाबांनी ऑफिसातून त्याची प्रिंट काढून आणली होती आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. गंमत म्हणजे फॉरवर्डमध्ये महमूद अहमदीनेजाद अजूनही राष्ट्राध्यक्षच आहे. प्रत्यक्षात तो 2013 मध्ये पायउतार झाला. त्यानंतर 2017, 2021 आणि 2024 अशी तीनदा त्याने उमेदवारी मागितली आणि तिन्ही वेळा उमेदवारांची चाळणी करणाऱ्या तिथल्या गार्डियन कौन्सिलने त्याचं नाव उडवलं. आपल्या ग्रुपांवर मात्र त्याची कारकीर्द सुखाने चालू आहे.

फॉरवर्ड साफ खोटा असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण गाडी खरी होती, साधं घर खरं होतं. गरमसारजवळच्या अरादान गावच्या लोहाराचा हा मुलगा. अर्दबील प्रांताचा गव्हर्नर, वाहतूक अभियांत्रिकीत डॉक्टरेट, 2003 मध्ये तेहरानचा महापौर. 2005 च्या निवडणुकीत पहिल्या फेरीत तो दुसरा आला. (तिसऱ्या नंबरवर गेलेल्या मेहदी करूबीची तक्रार प्रसिद्ध आहे: मी पुढे होतो, दोन तास डोळा लागला, उठून बघतो तर मागे! मतमोजणीच्या रात्री झोपू नये, हे आपल्याकडचा ग्रामपंचायतीचा उमेदवारही सांगेल.) दुसऱ्या फेरीत समोर माजी राष्ट्राध्यक्ष रफसंजानी, म्हणजे सत्ता, पैसा आणि वशिला यांचं चालतंबोलतं चित्र. साध्या जाकिटातल्या माणसाला 62 टक्के मतं पडली.

ती मतं इस्रायलला शिव्या देण्यासाठी पडली नव्हती. इराणी घरांत जेवताना जमिनीवर एक कापड अंथरतात, त्याला सोफ्रे म्हणतात. तेलाचा पैसा लोकांच्या सोफ्रेवर आणणार, हे त्याच्या नावावर गाजलेलं वचन. लोकांनी मत दिलं ते त्या कापडाला.

आणि पैसा आला, अगदी धो धो आला. 2008 च्या जुलैत कच्चं तेल पिंपामागे 147 डॉलरपर्यंत गेलं होतं. त्याच्याआधीच्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षाच्या हातून एवढा तेलाचा पैसा गेला नाही. त्याचं झालं काय? खर्चाला शिस्त लावणारी 1948 पासूनची नियोजन संस्था त्याने 2007 मध्ये मोडीत काढली. पन्नास अर्थतज्ज्ञांनी त्याआधीच जाहीर पत्र लिहून सावध केलं होतं, त्याला केराची टोपली. टोमॅटो महागले म्हणून ओरड झाली तेव्हा साहेब म्हणाले, आमच्या वस्तीतल्या, नार्मकच्या भाजीवाल्याकडून घ्या, तिथे स्वस्त आहेत. जून 2007 मध्ये तर मध्यरात्रीपासून पेट्रोलचं रेशनिंग, खासगी गाडीला महिन्याला 100 लिटर, अशी घोषणा जेमतेम काही तास आधी झाली आणि तेहरानात लोकांनी पेट्रोल पंप पेटवले. तेलावर तरंगणारा देश पेट्रोल बाहेरून आणत होता, कारण शुद्धीकरण कारखाने अपुरे. तेलही गेलं, तूपही गेलं, ही म्हण इतकी शब्दशः कुठे लागू पडलेली मी पाहिली नाही.

बाहेर काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, कारण जगाने तेवढंच पाहिलं. 2006 च्या डिसेंबरात तेहरानात एक परिषद भरवून ज्यूंचा नरसंहार खरंच झाला का, असं विचारण्यात आलं. त्याच महिन्यात अणुकार्यक्रमावरून सुरक्षा परिषदेचे पहिले निर्बंध आले. मग 2007, 2008, 2010. शेवटच्या ठरावाला त्याने वापरलेल्या रुमालाची उपमा दिली, कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचा. टाळ्या पडल्या. त्या रुमालाची गाठ पुढे बँकांना बसली. आपली रिझर्व्ह बँकही 2010 च्या डिसेंबरात इराणशी चाललेल्या जुन्या आशियाई क्लिअरिंग व्यवस्थेतून तेलाचे पैसे चुकते करायचं थांबवून मोकळी झाली, आणि 2012 पर्यंत तेलाचे काही पैसे चक्क रुपयांत युको बँकेत जमा करायची वेळ आली.

यात एक गोष्ट आपल्याकडे कायम निसटते. इराणात राष्ट्राध्यक्ष हा सर्वोच्च नसतोच. सैन्य, क्रांतिरक्षक दल, न्यायसंस्थेचा प्रमुख, सरकारी टीव्ही, सगळं सर्वोच्च नेत्याच्या हाताखाली, आणि अणुकार्यक्रमावर शेवटचा शब्दही त्याचाच. म्हणजे अहमदीनेजादच्या हातात होता मुख्यतः खजिना आणि माईक. दोन्ही त्याने मनसोक्त वापरले.

2008 ते 2012 आमच्या वरच्या मजल्यावर एक इराणी मुलगा भाड्याने राहायचा. पुण्यात तेव्हा इराणी विद्यार्थी पुष्कळ होते. हा इस्फहानचा, कॉम्प्युटर शिकायला आलेला, आईला 'काकू' म्हणायचा आणि बाबांना का कोण जाणे 'अंकल'. एकदा भाडं द्यायला आला तेव्हा कपाट उघडं होतं. त्याने ती प्रिंट पाहिली, सगळी वाचली. बाबा अपेक्षेने बघत होते. तो एवढंच म्हणाला, ''अंकल, कार इज ट्रू.''

जून 2009 ची निवडणूक झाली. मतदान संपून काही तास होतात न होतात तोच अहमदीनेजाद 62-63 टक्क्यांनी विजयी, असं जाहीर झालं. प्रतिस्पर्धी मीर हुसेन मुसावीचे समर्थक हिरव्या पट्ट्या बांधून रस्त्यावर आले: माझं मत कुठे आहे? विजयसभेत अहमदीनेजादने विरोधकांना 'खस-ओ-खाशाक' म्हटलं, म्हणजे काडीकचरा. मुलाने मला एक व्हिडिओ दाखवला. चित्र जवळजवळ काळंच, तेहरानच्या गच्च्या, आणि अंधारातून या घरावरून त्या घरावर 'अल्लाहु अकबर'च्या हाका. मी म्हटलं, ही तर सरकारचीच घोषणा. तो म्हणाला, ''म्हणूनच. यावर पोलिस काय बोलणार?'' त्या आठवड्यात नेदा आगा-सुलतान या तरुणीला रस्त्यात गोळी लागली आणि ते दृश्य जगभर गेलं. मुलाने तो व्हिडिओ मला दाखवला नाही. मीही मागितला नाही. मुसावी आणि करूबीला 2011 मध्ये घरात कोंडलं, ते वर्षानुवर्षं.

2010 च्या शेवटी सरकारने पेट्रोल, गॅस, पाव यांवरची सबसिडी कापली आणि माणशी महिन्याला 45,500 तोमान (दहा रियालांचा एक तोमान) खात्यात जमा करायला सुरुवात केली. त्या दिवशीच्या भावाने साधारण 40 डॉलर. गरीब घरांना हे पैसे खरोखर लागले, ते नाकारण्यात अर्थ नाही. खेड्यात मोठं कुटुंब असेल तर ती रक्कम लहान नव्हती. पण नोटा छापून घरं बांधायची, वर निर्बंध, आणि 2012 मध्ये युरोपने तेल बंद केलेलं. ऑक्टोबरात रियाल कोसळला, तेहरानचा मोठा बाजार निषेधात बंद झाला. ते 45,500 तोमान आता तेरा-चौदा डॉलरवर आले.

मी हे आकड्यांत नाही, वहीत पाहिलं. त्या मुलाकडे एक चौकटीची वही होती, रोजचा भाव लिहायचा. आला तेव्हा रुपयाला वीस-बावीस तोमान. त्या ऑक्टोबरात सत्तरीला टेकले. भाडं तेच, मेसचे पैसे तेच, बापाला मात्र तिप्पट पाठवावे लागणार. आधी बाईक विकली. मग एक दिवस दारात उभा राहून, आत न येता म्हणाला, ''काकू, नेक्स्ट मंथ.'' आईने डिपॉझिटमधून वळते करून घे म्हणून सांगितलं. डिसेंबरात तो गेला. जाताना केशराची चिमूटभर पुडी देऊन गेला. आईने ती दिवाळीपर्यंत पुरवली.

आणि साधेपणाचं काय? 2011 मध्ये ती प्यूजो लिलावात 25 लाख डॉलरला गेली, पैसे त्याच्या 'मेहर' घरकुल योजनेला दिले. हेही खरं. 2017 च्या भूकंपात पश्चिम इराणातल्या सरपोल-ए-जहाबला याच योजनेतल्या इमारतींच्या भिंती ढासळल्या, तेही खरं. सर्वोच्च नेता खामेनीशी त्याचं पुढे बिनसलं. गुप्तचर मंत्र्याला काढलं, खामेनीने परत बसवलं, तर हा अकरा दिवस घरी रुसून बसला. व्यवस्थेला असा लोकप्रिय हट्टी माणूस नको होता हे तेव्हाच ठरलं असावं. 2021 मध्ये राष्ट्राध्यक्षपदी इब्राहिम रईसीला आणलं तेव्हा स्पर्धाच ठेवली नाही, मतदान 49 टक्क्यांच्याही खाली गेलं.

बाबांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ''पण माणूस पैसे खाणारा नव्हता.'' त्यांच्या या वाक्याशी माझं भांडण नाही. पैसे न खाताही माणूस देशाचं एवढं वाटोळं करू शकतो, हे त्यांच्या पिढीला पचत नाही. आयुष्यभर त्यांनी खाणारेच पाहिले.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच लिहिलं: 'गाडी खरी आहे.'

त्यालाही तीन नमस्कार आले.