टॉवेल वाळवायला सायकल हवी आहे?

बाल्कनीत कपडे वाळत घालायला दोरी पुरत नाही, ही दोन खोल्यांच्या संसाराची जुनी तक्रार. बाजारात घडीचे स्टँड मिळतात, पण वारा सुटला की ते आडवे होतात. गिअरच्या सायकलचं तसं नाही. हँडल जवळजवळ दोन फूट रुंद, त्यामुळे अंगाचा टॉवेल एका घडीत बसतो. ब्रेकच्या लिव्हरला मोजे, वरच्या दांडीवर पायजमा, सीटवर टोपी. अडचण एकच आहे. दुकानातून आल्या आल्या कुठलीही सायकल स्टँड होत नाही. तिला आधी ‘उद्यापासून ऑफिसला सायकलनं’ या संकल्पातून जावं लागतं. साधारण तीन आठवडे लागतात, मनावर घेतलंत तर दोनही पुरतात.

पहिल्यांदा आकडा ठरवा, आणि मोठा ठरवा. ‘दोन महिन्यांत १२ किलो’ हा उत्तम, कारण तो हिशेबाला टिकत नाही. ७० किलोच्या माणसाला सपाट रस्त्यावर आरामात चालवताना किलोमीटरमागे २५-३० कॅलरी लागतात. जाऊन-येऊन १४ किलोमीटर झाले तर ४००च्या आतबाहेर. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. म्हणजे रोज न चुकता गेलात आणि ताटात काही वाढवलं नाहीत, तर किलोला १९ दिवस आणि १२ किलोंना कामाचे २३० दिवस. हे गणित आधी करू नका. ‘वर्षभरात होईल’ असं शांत उत्तर निघालं की माणूस निराश होत नाही आणि चालवतच राहतो. ते तिसऱ्या आठवड्यात वजनकाट्यावर उभं राहून करावं. तोवर ऑफिसच्या कोपऱ्यावर रोज एक वडापाव घ्या, घामाचा हक्कच आहे तो. वडापाव ३००च्या आसपास जातो. उरल्या १००, आणि एका किलोला लागले ७७ दिवस. सोबत कटिंग घेत असाल तर आणखी.

आता सायकल. पार्किंगमध्ये पाण्याच्या मोटरीमागे दहा वर्षं उभी असलेली जुनी दिसली तर नजर फिरवा. धोकादायक वस्तू आहे ती. टायरला बाजूनं चिरा गेलेल्या असतील, ट्यूब व्हॉल्व्हपाशी कुजली असेल, ब्रेकच्या रबरांचा दगड झाला असेल, केबल आवरणातच गंजून बसली असेल, चेन लाल. आणि दुखणं बहुतेक एवढंच असतं! दोन टायर, दोन ट्यूब, चार ब्रेक रबर, केबलींचा सेट. चेनचं माप साध्या फूटपट्टीनं कळतं: एका पिनवर शून्य ठेवलं की १२ इंचांवर पिनच यायला हवी. ती १/१६ इंच पुढे सरकली असेल तर चेन बदलायची, १/८ सरकली असेल तर मागचे दातेही गेले. चौकातल्या सायकलवाल्याकडे टाकली की तो चाकांची आऊट काढून, हबला ग्रीस भरून दोन दिवसांत हातात देतो. आणि मग ती चालायला लागते. तिथंच सगळं बिघडतं.

तेव्हा नवीच घ्या. दोन्हीकडे स्प्रिंग असलेली, लांबून मोटरसायकल वाटेल अशी, १८ किलोंची. त्या स्प्रिंगांचं काम तुम्ही मारलेलं निम्मं पॅडल गिळून वरखाली होण्याचं असतं. टायर डोंगरात चालतात तसे गाठीगाठींचे हवेत, डांबरावर छान घूंऽऽ आवाज करतात आणि पाय लवकर दमवतात. मडगार्ड नको, शोभा जाते. मडगार्ड नसलं की जूनमध्ये मागचं चाक तुमच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा आखून देतं. कॅरिअरही नको, आणि फ्रेमला कॅरिअर लावायची भोकंच नाहीत ना, हे घेतानाच पाहून घ्या. लॅपटॉप, डबा, बदलायचे कपडे आणि बूट पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबले की पाठ सात मिनिटांत भिजते.

सीट हा मात्र सगळ्या बेताचा पाया आहे, तिथं हयगय नको. ती इतकी खाली ठेवा की सिग्नलला दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. सुरक्षित वाटतं. चालवताना गुडघे छातीपाशी येतील आणि आठवड्याभरात वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागेल. लगेच ‘सायकलनं गुडघे जातात’ हे ज्येष्ठांचं मत तुमच्या अनुभवाला जुळेल. चुकूनसुद्धा भिंतीला धरून सीटवर बसू नका, पॅडल अगदी तळाला आणू नका, टाच त्यावर ठेवून पाहू नका. पाय त्या वेळी नेमका सरळ होत असेल आणि कमरेला कलावं लागत नसेल, तर उंची बरोबर आली म्हणून समजा. मग चालवताना टाचेऐवजी चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. बऱ्याच सायकलींना सीटखाली हातानं उघडायची खिटी असते, पाना शोधावा लागत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि याच्या उलट, जोश आला म्हणून सीट फार वर नेलीत तर कंबर डावी-उजवी डुलते आणि गुडघ्यामागची शीर धरते. तेही चालेल आपल्याला.

दुखायला लागलं की जेलचं फुगीर कव्हर आणा. बैठकीची दोन हाडं त्या गादीत रुततात, मधली गादी वर येते आणि नको त्या जागी दाबते. पंधराव्या मिनिटाला मुंग्या. पॅडवाली चड्डी घेतलीत तर ती अंतर्वस्त्रावर घाला. ती मुळात उघड्या अंगावर घालायची असते, शिवण काचू नये म्हणून, पण असल्या गोष्टी दुकानात विचारायला संकोच वाटतो. तोच संकोच उपयोगी पडतो.

हवा अंगठ्यानं दाबून पाहा आणि ‘आहे की’ म्हणा. अंगठ्याला ३५ आणि ६० पीएसआय सारखेच लागतात. टायरच्या कडेवर किती ते छापलेलं असतं, तिकडे बघायचं नाही. रस्त्यावरच्या मध्यम जाडीच्या, ७०० × ३५ मापाच्या टायरला साधारण ५५ ते ७५ लागते, गाठींच्या जाड टायरला ४०-५०. ट्यूबमधली हवा उभ्या उभ्याही झिरपते, म्हणून आठवड्याला एकदा भरावी लागते. घरी घड्याळवाला उभा पंप ठेवला तर दोन मिनिटं जातात, तेवढी कुठून आणायची? हवा कमी असली की सायकल वाळूत ओढल्यासारखी चालते, आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटून तिला शेजारी शेजारी दोन बारीक छिद्रं पडतात. पेट्रोल पंपावर जायचंच असेल तर तिथली नळी ज्याला थेट बसत नाही अशा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची सायकल घेऊन, पितळी ॲडॅप्टर घरी विसरून जा.

तेलपाणी घरच्या घरी करावं. चेनला गोडंतेल लावा, काही दिवसांत त्याचा चिकट काळा हलवा होतो. ग्रीसही चांगलं, रस्त्यावरची सगळी धूळ जमा करतं. (प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, पॅडल उलटं फिरवायचं, पाच मिनिटांनी फडक्यानं वरचं सगळं पुसून काढायचं, हा रूक्ष लोकांचा मार्ग.) डिस्क ब्रेक किंचाळत असेल तर त्याच्या चकतीवर गंज काढायचा स्प्रे मारा. आवाज तत्काळ बंद होतो. ब्रेकही. पॅड एकदा तेल प्याले की बहुतेक वेळा बदलावेच लागतात, पण हे उतारावर समजतं.

रस्त्याची निवड. पुण्यात कोथरूडहून शिवाजीनगर जेमतेम सहा-सात किलोमीटर, सिग्नल धरून पस्तीस मिनिटं. असलं अंतर टाळा, जमून जाईल. पहिल्याच सोमवारी लांबचं हिंजवडी गाठा, साडेनऊला निघून. ‘रविवारी सकाळी एकदा रस्ता बघून ये’, ‘आठवड्यातून दोनच दिवस जा’, ‘येताना बसनं ये’ असं सुचवणाऱ्यांना हसून उत्तर द्यायचं. चांदणी चौकाच्या चढाला पुढे मोठा दातेरी, मागे छोटा, म्हणजे सगळ्यात जड गिअर ठेवून भिडा. मिनिटाला पॅडलचे ७०-८० फेरे हलकेच पडतील असा गिअर चढ सुरू व्हायच्या आधी टाकायचा असतो, तो तुम्ही मध्यावर, सगळं वजन पॅडलवर असताना टाका. कडाड् होतं, चेन उतरते, आणि ती हातानं चढवल्यावर ऑफिसच्या रजिस्टरवर तुमच्या बोटांचे ठसे स्पष्ट उमटतात.

रस्त्यात उभ्या गाड्यांना अगदी खेटून चाला. हातभर अंतर सोडलं तर दार उघडलं तरी लागत नाही, मग मजा काय. स्टॉपवर उभ्या बसला डावीकडून काढा, माणसं तिकडूनच उतरतात. सिमेंटच्या रस्त्याची कड आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामध्ये लांबलचक फट असते, ती बारीक टायरच्या मापाची असते. पहिल्या पावसात, वर्षभराचं ऑइल वर आलेलं असताना, गटाराच्या लोखंडी झाकणावर ब्रेक दाबून पाहा. सायकल ट्रॅक भेटला तर जरूर जा, संपतो तिथे उभ्या केलेल्या दुचाकी मोजता येतात. एके काळी पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. तेव्हाच्या लोकांना ट्रॅक लागत नव्हता, कारण रस्त्यावर मोटारीच कमी होत्या. हा मुद्दा ऑफिसात पोचल्यावर घामाघूम अवस्थेत मांडला तर चांगला ठसतो. कपड्यांचे पाच जोड सोमवारी एकदम नेऊन ड्रॉवरमध्ये ठेवायचे आणि पोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बसून मग पुसायचं, अशी युक्ती काही जण करतात. त्यांच्या अंगाला घामाचा वास येत नाही, त्यामुळे त्यांच्या कष्टाचं कौतुकही होत नाही.

दुसऱ्या आठवड्यात बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीला, नाव घाला. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत. आतापर्यंतची तुमची बेरीज ६२ असेल तरी हरकत नाही, फॉर्म भरायला किलोमीटर लागत नाहीत.

एवढं करूनही सायकल चालत राहिलीच, तर पंक्चरची वाट पाहा. पंक्चर झालं की घरीच काढा. ट्यूब घासकागदानं घासा, सोल्युशन लावा, पण ते वाळायला पाच मिनिटं थांबू नका, ओल्यावरच पॅच दाबा. आणि टायरच्या आतून बोट फिरवून बाभळीचा काटा शोधू नका. तो तिथेच राहू द्या. गल्लीच्या टोकापर्यंत सायकल पुन्हा बसते आणि मग तुम्हाला कुणी नावं ठेवू शकत नाही. प्रयत्न केला होता, नशीब नाही.

या काळात पेपर टाकणाऱ्या काकांपासून लांब राहा. काळी सायकल, २८ इंची चाकं, गिअर नाही, सळईचे ब्रेक, सीट बरोबर उंचीवर, हवा शनिवारच्या शनिवारी. त्यांचा कुठलाच संकल्प नसल्यामुळे तो मोडतही नाही. ‘काका, रोज किती किलोमीटर होतात?’ असं विचारलंत तर ते ‘मोजले नाहीत’ म्हणतील, आणि तुमच्या फोनमधल्या ॲपला काय वाटेल?

झालं. आता सायकल वर न्या. बाल्कनी अरुंद असेल तर पॅडल नडगीला लागतात, ती काढून टाका. १५ नंबरचा पाना लागतो. उजवं नेहमीसारखं सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवायचं. विसरून दुसरीकडे जोर लावलात तर आणखी आवळत जातं, आणि त्यावर पाईप घालून हिसका दिलात तर क्रँकचे आटेच निघतात, म्हणजे स्टँड कायमचा. चेनची बाजू भिंतीकडे करा, पांढऱ्या शर्टावर पडलेला काळा डाग घासून निघत नाही. आणि ओली जीन्स मागच्या चाकावर टाकू नका, गंजलेल्या तारांच्या रेघा उमटतात. जीन्स हँडलवरच बरी.