‘ईएक्सई नसेल तर फाइल निर्धास्त उघडा’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

नातेवाइकांच्या, सोसायट्यांच्या आणि कार्यालयांच्या गटांतून एक सल्ला वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : ईमेलसोबत आलेली फाइल ‘ईएक्सई’ (थेट चालणारा प्रोग्रॅम) असेल तरच धोका असतो, वर्ड, पीडीएफ आणि फोटो निर्धास्त उघडावेत, पाठवणारा ओळखीचा असेल किंवा अँटिव्हायरस चालू असेल तर काळजीचे कारण नाही. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ज्यांच्या संगणकावर इतरांचे पगार, बिले आणि वैद्यकीय अहवाल असतात असे कर्मचारीही त्यावर विसंबतात, म्हणून त्यातले प्रत्येक विधान तपासून पाहणे भाग आहे.

पहिले विधान 2000 सालीच खोटे ठरले होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात फिलिपिन्समधून पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या वर्मची (स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमची) फाइल ‘टीएक्सटी.व्हीबीएस’ अशा दुहेरी शेपटीची होती. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन्स (फाइलीचा प्रकार सांगणारी नावाच्या शेवटची अक्षरे) लपवत असल्यामुळे शेवटचे ‘व्हीबीएस’ बहुतेकांना दिसलेच नाही आणि साधे प्रेमपत्र समजून लोकांनी एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची यादी, चालवली. ही लपवण्याची सवय विंडोजने अजूनही सोडलेली नाही. ‘जेएस’, ‘एचटीए’, ‘एससीआर’, ‘बॅट’, ‘एलएनके’ अशा फाइलींवर डबल क्लिक केले तरीही आज्ञा चालतात.

वर्डच्या फाइलीबद्दलचा विश्वास सर्वांत महागात पडला आहे. फाइल म्हणजे नुसता मजकूर असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती कोणता प्रोग्रॅम उघडतो आणि तो प्रोग्रॅम तिच्या सांगण्यावरून काय काय करायला तयार होतो, यावर धोका ठरतो. 1999 मधला ‘मेलिसा’ हा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतून (फाइलीत दडलेल्या छोट्या आज्ञावलीतून) चालायचा आणि आउटलुकमधल्या पहिल्या 50 पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. पुढची दोन दशके ‘मजकूर दिसण्यासाठी एनेबल कन्टेन्ट दाबा’ (हे बटण मॅक्रोला परवानगी देते) एवढ्या एका वाक्यावर असंख्य कार्यालये फसली. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये मुळातच रोखायला सुरुवात केली, तेव्हा हल्लेखोर ‘आयएसओ’ (डिस्कची प्रतिमा) आणि वननोट (मायक्रोसॉफ्टचे टिपणवहीचे ॲप) यांच्या फाइलींकडे वळले. शिवाय मॅक्रो नसलेली फाइलही निर्दोष असेलच असे नाही. ऑफिसमधल्या जुन्या इक्वेशन एडिटरमध्ये (गणिती सूत्रे लिहिण्याच्या सुविधेत) सुमारे 17 वर्षे दडलेली चूक 2017 मध्ये उघड झाली. 2022 मधल्या ‘फोलिना’ या त्रुटीत तर आरटीएफ (वर्डमध्ये उघडणाऱ्या) स्वरूपातली फाइल उघडण्याचीही गरज नव्हती, एक्सप्लोररच्या प्रिव्ह्यू पेनमध्ये (फाइलीची झलक दाखवणाऱ्या भागात) ती दिसली तरी पुरत असे.

पीडीएफमध्ये आज बहुतेक वेळा सापळा असतो तो आतल्या लिंकचा किंवा क्यूआर कोडचा, आणि तो बनावट लॉगिन पानावर नेतो. फोटोंच्या बाबतीत मात्र सल्ल्यात थोडे तथ्य आहे हे मान्य करायला हवे : प्रोग्रॅम अद्ययावत असतील तर साध्या जेपीजीतून सामान्य माणसाला होणारा धोका कमी असतो. तरीही 2023 मध्ये वेबपी या स्वरूपातली चित्रे उलगडणाऱ्या लायब्ररीतल्या (अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा सामायिक कोडमधल्या) त्रुटीमुळे क्रोम आणि फायरफॉक्सला तातडीने अपडेट काढावे लागले होते. ‘एसव्हीजी’ ही फाइल तर चित्र म्हणून येते, पण तिच्या पोटात स्क्रिप्ट असू शकते.

ओळखीच्या पत्त्याचे म्हणावे तर ‘आय लव्ह यू’ आणि ‘मेलिसा’ हे वरचे दोन्ही जुने हल्ले ओळखीच्याच पत्त्यांवरून आले होते. ‘इमोटेट’ या घातक प्रोग्रॅमने पुढे संगणकातला जुना पत्रव्यवहार चोरून त्याच संभाषणाला उत्तर म्हणून फाइली पाठवल्या, विषय खरा, नाव खरे, फक्त अटॅचमेंट घातक.

अँटिव्हायरस हवाच, पण पासवर्ड लावलेली झिप फाइल तो सहसा आतून तपासू शकत नाही. म्हणूनच पासवर्ड मेलमध्येच लिहून अशी झिप पाठवली जाते. बँकांच्या स्टेटमेंटमुळे आपल्याकडे पासवर्ड टाकून फाइल उघडणे अंगवळणी पडले आहे, आणि मला ही सवय विशेष चिंतेची वाटते. बँकेच्या पीडीएफचा पासवर्ड सहसा आपल्याच जन्मतारखेतून किंवा पॅनमधून बनतो. अनोळखी झिपचा पासवर्ड पाठवणाराच तयार हातात ठेवतो. हा फरक घरातल्या ज्येष्ठांना समजावून सांगण्याजोगा आहे. मोबाइलवरही तीच काळजी हवी, कारण लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलान म्हणून येणारी ‘एपीके’ फाइल हे इन्स्टॉल होणारे ॲप असते.

विंडोज 11 मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘शो’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू करता येते. ‘जेएस’ आणि ‘व्हीबीएस’ फाइली नोटपॅडमध्ये उघडतील असे ठरवून ठेवता येते; मग चुकून क्लिक झाले तरी आज्ञा चालण्याऐवजी तिचा मजकूर तेवढा समोर येतो. आणि अनपेक्षित बिल आले, तर पाठवणाऱ्याला आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करावा, मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे.